परसातली भाजी: पान घरात, देठ खुराड्यात

चार कोंबड्या घरी आल्या की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, यांना हिरवं काय घालायचं? मग कुणी मंडईतून कोबीचा पाला पिशवी भरून आणतं, कुणी लॉनचं गवत कापून पुढ्यात टाकतं. दोन्ही चुकतं. मंडईतल्या बाहेरच्या पाल्यावर कशाची फवारणी झाली आणि ती कधीची, हे कळायला मार्ग नसतो. लांब गवत गिळलं की गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत त्याचा बोळा होतो आणि कोंबडी खायची थांबते. बंगल्याच्या मागे किंवा पुण्याजवळ धायरी, वाघोलीकडच्या प्लॉटवर तीनशे चौरस फूट उन्हाची जागा असेल तर दोन्ही टाळता येतं.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. वाफा लावायचा तो स्वयंपाकघरासाठी, आणि भाजी निवडल्यावर जे उरतं ते कोंबड्यांसाठी. कोंबड्यांसाठी म्हणून वेगळी बाग करायला गेलात तर पहिल्या उन्हाळ्यात कंटाळाल. पीक निवडताना एवढंच विचारायचं: याचं आपण जे टाकतो ते कोंबडी खाते का? मुळा लावला तर मुळा घरात आणि पाला खुराड्यात. कोबीचा गड्डा आपला, बाहेरची पानं त्यांची. या कसोटीवर बटाटा नापास होतो, कारण त्याचा पाला विषारी असतो.

पाल्याचा हिशेब

कोंबडी पाल्यावर जगत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लेयर खाद्य लागतं. चौघींना महिन्याला १३-१४ किलो धरा. या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. पालेभाजीत ८५-९० टक्के पाणीच. कोंबडीने पोट पाल्याने भरलं की खाद्य कमी जातं, अंडी घटतात, कवच पातळ होतं आणि विष्ठा पाण्यासारखी होते. काकडी, कलिंगड, कोबी जास्त झाला की हे हमखास.

म्हणून एका कोंबडीला दिवसाला २५-३० ग्रॅम पाला. चौघींचा मिळून १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे बाजारातल्या लहान जुडीच्या निम्मा. सकाळी खाद्य, पाला दुपारी तीननंतर. दिवेलागणीआधी उरलेलं उचलून टाकायचं. राहिलं की रात्री घुशी येतात, आणि घूस एकदा वाट शिकली की अंडीही सोडत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा. पाला पचायला बारीक खडीही लागते. कोंबडीला दात नाहीत, दळायचं काम पोटातली खडी करते.

बी पेरण्याआधी कुंपण

नवखा माणूस आधी बी पेरतो आणि कुंपण पुढच्या रविवारी करू म्हणतो. त्या आठवड्यात कोंबड्या वाफा उकरून त्यात धुळीची अंघोळ करतात. कोवळं रोप त्या खातात ते थोडंच, नासधूस होते ती पायांनी. भुसभुशीत, ओलसर, नुकती खत घातलेली माती कोंबडीला फार आवडते.

कोंबड्यांच्या आवाराभोवती चार फूट उंचीची जाळी पुरते. गिरिराज, वनराज या जड जाती तिच्यावरून सहसा जात नाहीत. गावठी कोंबडी सहज उडते, तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कातरावी. दोन्ही पंख कातरले तर तोल राहतो आणि ती थोडीफार उडतेच. जाळीचा खालचा एक फूट बारीक वेल्डमेशचा (तारा एकमेकींना जोडलेल्या ताठ जाळीचा) असावा आणि सहा इंच जमिनीत गाडावा, कारण आपल्याकडे मुंगूस आणि घूस दोघंही खालून येतात. कोंबडा पाळायची गरज नाही. अंडी त्याच्याशिवायही येतात आणि पहाटे चारला आरवल्यावर शेजारी काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको.

राडारोडा काढा, मग वाफा

पुण्यातल्या बहुतेक आवारांत वरचा थर मातीचा नसतो. बांधकाम संपताना बिल्डरने पसरलेला मुरूम आणि राडारोडा असतो, त्यावर दोन इंच लाल माती. कुदळ मारली की विटेचे तुकडे, सिमेंटचे पोपडे, टाइलचे कोपरे वर येतात. एक फूट खोल खणून ते सगळं काढा. जुन्या भिंतीचा रंग पोपडे होऊन जिथे पडलाय तिथे वाफाही करू नका आणि कोंबड्याही सोडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते उकरण्यातून कोंबडीत आणि तिथून अंड्यात उतरतं.

वाफा तीन फूट रुंद, दहा फूट लांब, सहा इंच उंच. तीन फूटच का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा आणि वाफ्यात पाय ठेवायला लागू नये. असे सहा वाफे आणि मधे दीड फुटाच्या वाटा केल्या की तीनशे चौरस फूट संपले. एका वाफ्याला चार घमेली कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मातीत मिसळा. काळी माती असेल तर गादीवाफा आठ इंच उंच करा. जुलैत तिच्यात पाणी साचतं आणि मेथीची मुळं तीन दिवसांत कुजतात.

सहा वाफ्यांची वाटणी अशी जमते: दोन पालेभाजीला, एक मुळा-कोबीला, एक वांगी-मिरचीला, एक भेंडी-गवारीला, आणि एक मांडवाच्या वेलांना. दर वर्षी जागा एक घर पुढे सरकवा. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातली, एकामागून एक त्याच वाफ्यात घेतली की झाड सुकवणारा मर रोग मातीत मुक्कामाला येतो.

पालेभाजी, म्हणजे रोजची आवक

मेथीला दुकानातलं पाकीट लागत नाही. डब्यातली मेथी चांगली उगवते, आणि तिला औषध चोळलेलं नसतं. अर्ध्या वाफ्याला २० ग्रॅम बी, आठ इंचांवर ओळी, अर्धा इंच खोल. २५ ते ३० दिवसांत उपटायला येते. धणे मात्र तसेच पेरू नका. चपलेखाली हलके रगडून प्रत्येक धण्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तोवर धीर धरायचा आणि उकरून बघायचं नाही. पालक उपटायचा नाही, जमिनीपासून इंचभर ठेवून कापायचा. पहिली कापणी महिन्याने, पुढच्या दर पंधरा-वीस दिवसांनी.

सगळा वाफा एकदम पेरला की एकाच आठवड्यात बारा जुड्या येतात आणि नंतर महिनाभर काही नाही. वाफ्याचे चार भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरा.

देठ कोंबड्यांना तसेच घालू नका. मेथी-कोथिंबिरीचे जाड देठ विळीवर अर्ध्या इंचाचे चिरून द्या. कोबी-मुळ्याचा पाला न चिरता जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. टांगलेला पाला त्या ओढून तोडतात, जमिनीवरचा तुडवून घाण करतात. पालक, आंबट चुका आणि माठ आठवड्यात दोनदा पुरे. यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि कवचावर परिणाम दिसतो. अळू वडीला ठेवा, कोंबड्यांना नको. घशाला खाज त्यांनाही सुटते.

मिरचीची गंमत अशी की पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पिकून लाल झालेल्या, किडक्या मिरच्या चौघी आनंदाने फस्त करतात.

कुंपणाला शेवगा

एक शेवग्याचं झाड अर्ध्या बागेचं काम करतं. जाळीच्या बाहेरच्या अंगाला दीड-दीड फुटावर बी टोका, रोप तीन-चार फुटांचं झालं की शेंडा छाटा. वर जाऊ दिलंत तर पानं शिडीशिवाय मिळणार नाहीत. छाटत राहिलं की फांद्या फुटत राहतात. कोवळा पाला भाजीला आणि थालीपिठाला, जून फांदी तशीच जाळीला बांधायची. कोंबड्या पानं ओरबाडून काडी मोकळी करतात. शेवग्याच्या पानात प्रथिनं बऱ्यापैकी असतात, म्हणून उन्हाळ्यात बाकी हिरवं आटलं की हाच आधार. पाण्याचा निचरा मात्र हवा, पावसाळ्यात बुंध्याशी डबकं साचलं की शेवगा उभ्या उभ्या मरतो.

बलकाच्या रंगाचीही चौकशी फार होते. शेवगा, लसूणघास (जनावरांना घालतात तो हिरवा चारा), पिवळा मका आणि झेंडूच्या पाकळ्या यांतल्या पिवळ्या रंगद्रव्याने बलक गडद होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा घरचा झेंडू पाकळ्या सुट्या करून थोडा खाद्यात मिसळायला हरकत नाही. फुलबाजारातला नको, त्यावर फवारणी असते. गडद बलक दिसायला छान, पण त्यावरून अंडं जास्त पौष्टिक ठरत नाही.

चरण्याची चौकट

कोंबड्यांच्या आवारात काहीच हिरवं टिकत नाही, कारण त्या मुळासकट उपटतात. त्यावर हा उपाय साधा आहे आणि सुताराशिवाय होतो. चार फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट करा, उंची सहा इंच. सहा इंच रुंदीच्या फळ्या आडव्या नको, उभ्या ठोका, म्हणजे वरची जाळी जमिनीपासून लांब राहील. वर एक इंचाची वेल्डमेश ताणून खिळ्यांनी पक्की करा. ढिली राहिली तर कोंबडी वर उभी राहिल्यावर जाळी झुकते आणि तिचं नख अडकतं. म्हणून मधोमध एक आडवी पट्टी हवीच.

चौकटीच्या आत दोन इंच खतमाती पसरून लसूणघास, मेथी किंवा मूठभर गहू-बाजरी दाट फेका. पाणी वरून झारीने. आठ-दहा दिवसांत पाती जाळीतून वर येतात, कोंबड्या जाळीवर उभ्या राहून वरचं वर कुरतडतात आणि मुळं सुरक्षित राहतात. लसूणघास एकदा धरला की महिनोन् महिने फुटत राहतो. गहू दोन-तीनदा फुटतो, मग नव्याने पेरायचा. अशा दोन चौकटी ठेवून आलटून पालटून एकच उघडी ठेवली की एक चरताना दुसरी वाढते.

बी विकत आणलंत तर रंग बघा. पाकिटातलं बी जांभळं, हिरवं किंवा लालसर दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. पेरायला चालतं, उरलेलं कोंबड्यांना टाकायचं नाही. थायरमसारख्या औषधाने अंडी मऊ कवचाची होतात आणि वाढत्या पिल्लांचे पाय अधू होतात.

काय घालायचं नाही

बटाट्याची हिरवी सालं आणि कोंब, टोमॅटो-वांग्याचा पाला, कच्चा हिरवा टोमॅटो, अवाकाडो, कच्चा राजमा आणि पावट्यासारखी सुकी कडधान्यं. पिकलेला टोमॅटो चालतो. कांद्याची सालं ढिगाने नकोत, रक्तातल्या लाल पेशींना बाधतात. चहाचा चोथा कंपोस्टमध्ये टाका. फोडणीचा भात, पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ कोंबडीला झेपत नाही. शिळी पोळी भिजवून, कुस्करून, थोडी. बुरा आलेली पोळी, शेंगदाणे किंवा मका मात्र अजिबात नाही, माणसाला चालत नाही ते कोंबडीला चालतं हा समज बुरशीच्या बाबतीत पक्षी मारतो. आवारात कण्हेर, घाणेरी, धोत्रा, एरंड असतील तर ते जाळीबाहेर राहतील असं बघा.

खत: ताजं घातलं की करपलं

चार कोंबड्यांची महिन्याची विष्ठा बारा किलोच्या पुढे जाते. तिच्यात नत्र इतकं असतं की ताजी वाफ्यात घातली तर पानांच्या कडा तपकिरी होतात आणि रोप चार दिवसांत बसतं. शिवाय विष्ठेतला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोथिंबिरीवर चढतो तो वेगळाच. म्हणून आधी कुजवणं.

खुराड्यात तीन-चार इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. ओला झालेला भाग उचलून तीन फूट लांब-रुंद-उंच अशा ढिगात टाका. एक पाटी विष्ठा-भुसा तर दोन ते तीन पाट्या वाळका पाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात पानगळ होते आणि रस्तोरस्ती पाला पेटवलेला दिसतो. तोच पोत्यांत भरून ठेवा, वर्षभर लागतो. मूठ आवळल्यावर एखादा थेंब निघेल एवढा ओलावा. तीन-चार दिवसांत ढीग आतून इतका तापतो की हात धरवत नाही. नाही तापला तर तो कोरडा आहे किंवा लहान आहे. नाकात झोंबणारा वास येत असेल तर पाला कमी पडलाय, आणखी घाला. नासल्याचा, गटाराचा वास असेल तर पाणी जास्त झालंय, उलथा आणि मोकळा करा. दर आठवड्याला एकदा असं पाच वेळा उलथायचं, नंतर ढीग निवांत ठेवायचा. सुरुवातीपासून तीन ते चार महिन्यांनी काळं, भुरभुरीत, मातीच्या वासाचं खत होतं. त्यात मेथी पेरून बघा. आठवड्यात हिरवीगार उगवली तर खत तयार.

ऋतू आणि कीड

पुण्यात भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हस्ताचा पाऊस ओसरला की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी सगळं घ्या. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर हात-दीड हात व्हायच्या आत फुलावर जाते, तेव्हा माठ आणि चवळई लावा आणि वाफ्यावर ५० टक्क्यांची शेडनेट टाका. मृग लागला की भेंडी, गवार, वांगी. भेंडीसाठी परभणी क्रांती घ्या, पिवळ्या शिरांच्या रोगापुढे ती थोडीफार टिकते. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि एकदा पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की झाड उपटण्यावाचून उपाय नसतो. भरल्या वांग्याला आपलं मांजरी गोटा आहेच. रोपं दोन फुटांवर लावा, जवळ लावली की शेंडा पोखरणारी अळी एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. सुकलेला शेंडा दिसला की खालपर्यंत कापा, आत गुलाबीसर अळी सापडते. ती कोंबड्यांना टाका.

मावा, म्हणजे पानामागे चिकटून रस शोषणारी बारीक कीड, तिच्यासाठी निंबोळी अर्क पुरतो. एका लिटरला ५० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, लिटरभर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानाच्या मागून फवारा. इंटरनेटवर तंबाखूचा काढा फार सुचवतात. तो वापरू नका, निकोटिन पक्ष्याला आणि आपल्यालाही विषच आहे. पावसाळ्यातल्या गोगलगायींसाठी दुकानात निळसर गोळ्या मिळतात, त्याही कोंबडीच्या जिवावर उठतात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाका.

कोंबड्यांना वाफ्यात केव्हा सोडायचं

हिवाळी पीक मार्चच्या मध्याला संपतं. त्या वेळी मांडवाच्या वाफ्यात कोंबड्या पंधरा दिवस सोडा. त्या तण, तणाचं बी, कोष, हुमणीच्या अळ्या उकरून खातात आणि जमीन भुसभुशीत करतात. पाडव्याला त्यांना बाहेर काढून जाळी बंद करायची. कारण ताजी विष्ठा पडल्यापासून भाजी तोडेपर्यंत किमान ९० दिवस जायला हवेत. कोथिंबीर, मुळा, गाजर यांसारख्या मातीला टेकणाऱ्या पिकांना १२० दिवस. मांडवावरचं फळ मातीला लागत नाही म्हणून हा वाफा त्यांना द्यायचा.

पाडव्यानंतर महिनाभराने अक्षय्य तृतीया येते, वेलांची आळी घालायचा आपला जुना दिवस. दोन-दोन हातांवर दीड फुटाची आळी करा, प्रत्येकी दोन ओंजळी कंपोस्ट, दोडका, दुधी किंवा कारल्याच्या तीन-तीन बिया, वरून वाळक्या पाल्याचं आच्छादन. मे महिन्यात रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी. पाऊस येईपर्यंत वेल मांडवाला पोचतो आणि पहिला दोडका दोन महिन्यांच्या आसपास हाती येतो, म्हणजे ते ९० दिवस आपोआप भरतात. दोडक्याच्या शिरांची चटणी करतात. दुधीची सालं आणि जून झालेला दोडका खुराड्यात.